लहान कारखान्यातल्या कामगाराचा डॉक्टर कोण?

दोन महिन्यांपूर्वी या सदरात धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांविषयी एक छोटे उत्तर छापले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत आजाराबद्दल थोडे आणि एका वेगळ्याच अडचणीबद्दल पुष्कळ लिहिलेले आढळले. कामामुळे दुखणे जडले हे कळते, पण ते दाखवायचे कोणाला, तपासण्या कोण करणार आणि खर्च कोण सोसणार, असे बहुतेकांचे विचारणे आहे. मोठ्या कंपनीत दवाखाना असतो, डॉक्टर असतो. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी असली तरी तिची किल्ली सापडत नाही. गेली वीस-बावीस वर्षे औद्योगिक वसाहतींमध्ये वैद्यकीय काम करत असल्यामुळे ही अडचण मी रोज पाहतो. म्हणून या वेळचे सगळे सदर या प्रश्नांना दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी लहान फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. कामगार १४ आहेत. स्वतंत्र डॉक्टर ठेवणे मला परवडणारे नाही. वर्षातून एकदा आमच्याकडे आरोग्य शिबिर भरते, तिथे सगळ्यांना पाठवतो. एवढे पुरे आहे का? नव्या कायद्यामुळे लहान कारखान्यांवरची ही जबाबदारी गेली, असेही ऐकतो. ते खरे आहे का? – एक फौंड्रीमालक

आपण कामगारांना शिबिरात पाठवता ही चांगली गोष्ट आहे, ती चालू ठेवा. मात्र पुढच्या वेळी त्या मांडवात अर्धा तास उभे राहून काय चालते ते पाहा. रक्तदाब मोजतात, बोटाला टोचून साखर पाहतात, वजन घेतात आणि पुढच्या माणसाला बोलावतात. 'तुम्ही भट्टीवर असता, मोल्डिंगला की फेटलिंगला?' असे मात्र कोणी विचारत नाही. व्यावसायिक आरोग्यसेवेची सुरुवातच या विचारण्यातून होते, कारण एकाच छपराखाली काम करणाऱ्या आपल्या १४ माणसांची दुखणी वेगवेगळी असणार आहेत. साचे भरणाऱ्या मोल्डिंगवाल्याची कंबर जाते, भट्टीवाल्याला उष्णतेचा त्रास होतो, फेटलिंगवाल्याच्या, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढणाऱ्याच्या, फुप्फुसात सिलिकाची धूळ जाते आणि नॉकआउटपाशी, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात तिथे, उभ्या असणाऱ्याचे कान जातात. साखर आणि रक्तदाब यांवरून यातले काहीच कळत नाही.

आता कायद्याविषयी. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि अशा प्रक्रियांच्या यादीत फौंड्रीचे नाव होते. त्यानुसार कामगाराला त्या कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम सोडल्यानंतरही, १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर न ठेवता वैद्यकीय तपासणी करायची आणि तिची नोंद ठेवून ती कामगाराला पाहू द्यायची, अशी जबाबदारी कारखान्यावर होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्या आहेत. नव्या व्याख्येप्रमाणे विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असतील तर तो 'कारखाना' ठरतो. मूळ कारखाने अधिनियमात ही संख्या १० होती. आपल्याला जे सांगितले जाते, त्याचा उगम इथे आहे. पण तेवढ्यावरून सुटका झाली असे समजू नका. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता १० कामगारांच्या आस्थापनेला लागू होते आणि काम धोकादायक असेल तर त्याहून कमी माणसांच्या ठिकाणीही ती लागू करण्याची तरतूद आहे. ४० वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारीही या संहितांबरोबर मालकांवर आली आहे. शिवाय कायदा कोणताही असो, वाळूत सिलिका असते आणि ती १४ माणसांच्या फौंड्रीत १४० माणसांच्या फौंड्रीइतकेच नुकसान करते. किंबहुना लहान ठिकाणी जास्तच करते, कारण तिथे छप्पर बुटके असते आणि धूळ ओढून घेणारे यंत्र बहुधा नसते.

परवडण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण आपल्याला पूर्णवेळ डॉक्टर कोणी सांगितलेलाच नाही. महाराष्ट्राच्या नियमांत ५० कामगारांपर्यंतच्या धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी सोपी वाट दिलेली होती : ठरावीक मानधनावर एक डॉक्टर नेमायचा, तो स्वतःच्या दवाखान्यात तपासण्या करील आणि अडचणीच्या वेळी येईल. मात्र त्या डॉक्टरने औद्योगिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले असावे. 'एएफआयएच' हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम त्यासाठीच आहे आणि तो मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेतही चालतो. असा डॉक्टर एकट्या फौंड्रीला महाग वाटेल. आपल्या रस्त्यावरच्या बारा फौंड्रीमालकांनी मिळून नेमला, तर आठवड्यातून दोन अर्धे दिवस तो सहज येऊ शकतो. औद्योगिक वसाहतींमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्र सामायिक असते, कारण प्रत्येकाने स्वतंत्र बांधणे कोणालाच झेपले नसते. डॉक्टर, कानाची तपासणी करणारे ऑडिओमीटर आणि फुप्फुसाची ताकद मोजणारे स्पायरोमीटर यांचाही विचार तसाच करायला हवा. उद्योजकांची संघटना वार्षिक सभेत प्रदर्शन आणि सत्कार यांवर खर्च मंजूर करते. त्याच सभेत हा विषय आपण मांडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

अशा डॉक्टरशी करार करताना एक अट अवश्य घाला. त्याने महिन्यातून एकदा कारखान्यात येऊन, काम चालू असताना, सगळीकडे फिरले पाहिजे. दवाखान्यात बसून जे कधी कळणार नाही ते दहा मिनिटांच्या फेरीत दिसते. एका फौंड्रीत पाळी सुटताना मी पाहिले होते. फेटलिंगची माणसे ओळीने उभी राहत, पहिला कॉम्प्रेसरची नळी घेऊन अंगावरच्या कपड्यांवर हवा मारी, धुळीचा लोट उठे, मग तो नळी मागच्याच्या हातात देई. दिवसभर नाकाला रुमाल बांधणारी ती माणसे कपडे झटकताना मात्र रुमाल सोडत. त्या दोन-तीन मिनिटांत त्यांच्या छातीत किती धूळ जात होती, याचा हिशेब कोणीच केला नव्हता. मालकाने नळी बंद करून तिथे धूळ ओढणारे व्हॅक्यूम यंत्र बसवले आणि कपडे कारखान्यातच ठेवण्याची सोय केली. यासाठी डॉक्टरला एकही गोळी लिहून द्यावी लागली नाही.

प्रश्न : माझे पती अकरा वर्षे फौंड्रीत फेटलिंगचे काम करतात. चार वर्षांत दोनदा त्यांना टीबीची औषधे दिली. दोन्ही वेळा थुंकीत काही सापडले नव्हते, फोटो पाहून औषधे सुरू केली. कोर्स पूर्ण केले, पण दम काही जात नाही. आता जिना चढताना मध्येच थांबावे लागते. हा टीबीच आहे की कामामुळे आहे? पुढे कुठे जावे? – एक वाचक, तालुका हातकणंगले

ताई, आपण लिहिले त्यावरून निदान करणे योग्य नाही, पण आपली शंका अगदी योग्य जागी आहे. फेटलिंगची अकरा वर्षे, थुंकीत काही न सापडणे, दोन कोर्स पूर्ण होऊनही दम वाढत जाणे, हे सगळे एकत्र पाहिले की सिलिकोसिसचा विचार करावाच लागतो. वाळूतल्या सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि त्यांच्याभोवती व्रणासारख्या गाठी तयार होतात. एक्स-रेवर या गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त दिसतात, टीबीच्या खुणाही बऱ्याचदा तिथेच असतात. पाहणाऱ्याला रुग्णाचे काम माहीत नसेल तर त्याला टीबी वाटणे अगदी साहजिक आहे. मी स्वतः सुरुवातीच्या काळात ही चूक केलेली आहे. त्या वेळच्या माझ्या दवाखान्याच्या नोंदवहीत 'व्यवसाय' या रकान्यात पानेच्या पाने 'मजूर' एवढाच शब्द होता. दगड फोडणारा, पोती वाहणारा, वाळू चाळणारा, सगळे 'मजूर'. एका रुग्णाला टीबीच्या औषधांवर ठेवून आठ महिने उलटल्यावर त्याच्या भावाकडून कळले की तो दगडाच्या खाणीवर ड्रिल मारत असे. तेव्हापासून तो रकाना मी कधी एका शब्दात भरला नाही.

मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. सिलिकाची धूळ बसलेल्या फुप्फुसात टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. म्हणून सध्या टीबीची औषधे चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली नसेल तर ती सरकारी रुग्णालयात मोफत होते, ती आधी करून घ्या.

आता जायचे कुठे. जुने सगळे एक्स-रे, अगदी पहिला सुद्धा, शोधून एका पिशवीत ठेवा. एका कागदावर पतींच्या कामाचा इतिहास लिहा : कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या ठिकाणी, नेमके काय काम, दिवसाचे किती तास, धूळ ओढणारे यंत्र होते की नाही, तोंडाला काय बांधत होते. फौंड्रीच्या आधी केलेली कामेही लिहा. तो कागद आणि ते एक्स-रे घेऊन कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील छातीच्या आजारांच्या विभागात जा आणि पहिल्याच वाक्यात काम सांगा. डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, त्यांच्यासमोर रांग मोठी असते.

पतींच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची कपात होते का, हे पगारपत्रकावर पाहा. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि १० किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणच्या कामगाराला ही योजना लागू आहे. कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम घेतात. आपल्याकडे ईएसआयचा दवाखाना म्हणजे खोकल्याच्या गोळ्या आणि रजेचा दाखला मिळण्याची जागा, असा समज पक्का झाला आहे. तो समज सोडून द्यायला हवा. कामामुळे झालेल्या आजारांची यादी त्या कायद्यातच आहे आणि सिलिकोसिस तिच्यात आहे. तो आजार सिद्ध झाला की त्याला कामावर झालेल्या अपघाताप्रमाणे धरतात. विशेष वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे प्रमाण ठरवते आणि त्यानुसार दरमहा पैसे मिळतात. कामाशी संबंधित आजारांसाठी ईएसआयची वेगळी केंद्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि इंदूर येथे आहेत. आपल्या ईएसआय दवाखान्यातून मुंबईच्या केंद्राकडे पाठवण्याची विनंती लेखी करा आणि तिची पोच घ्या. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते आणि त्यासाठी दावा करता येतो.

सिलिकोसिस पूर्ण बरा करणारे औषध नाही, हे आपल्यापासून लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. धुळीपासून माणूस दूर गेला तरी काही वेळा आजार पुढे सरकतो. तरीही धुळीत राहण्यापेक्षा दूर जाणे केव्हाही चांगले. बिडी-सिगारेट असेल तर ती बंद करणे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेणे, श्वासाचे व्यायाम शिकणे, यांमुळे दिवस सुसह्य होतात. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण केले. तिथे आजार प्रमाणित झालेल्या रुग्णाला तीन लाख रुपये आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. मालक कोण होता, हे सिद्ध करण्याची धडपड रुग्णाला करावी लागत नाही. महाराष्ट्रातील खाणी, क्रशर आणि फौंड्रीतल्या माणसांसाठी इतकी सरळ वाट व्हावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या मालकांनी छातीचा फोटो आणि कानाची तपासणी करायचे ठरवले आहे. आमच्यातले बरेच जण नको म्हणतात. काही निघाले तर कामावरून कमी करतील, अशी भीती आहे. मी ठेकेदाराकडून लागलो आहे. तपासणी करून घ्यावी का? – एक कामगार, गोकुळ शिरगाव

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तपासणीनंतर 'उद्यापासून येऊ नको' असे ऐकलेली माणसे माझ्याकडे आलेली आहेत. तरी माझे उत्तर 'करून घ्या' असेच आहे, कारण कान किंवा फुप्फुस थोडे बिघडले असताना कळले तर उरलेले वाचवता येते. तीन-चार वर्षांनी दम लागून काम आपोआप सुटते, तेव्हा हातात कागदही नसतो आणि पैसेही नसतात.

तपासणीपूर्वी सर्वांनी मिळून मालकांशी दोन गोष्टी बोलून घ्या. पहिली अशी की तपासणीचा अहवाल कामगाराच्या हातात पडला पाहिजे. डॉक्टरने मालकाला आजाराचे नाव सांगण्याची गरज नसते. 'या कामास योग्य', 'धुळीचे काम देऊ नये', 'आवाजात ठेवू नये' एवढे सांगितले की त्याचे काम भागते. बाकीचे डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहायला हवे. दुसरी गोष्ट पर्यायी कामाची. धोकादायक प्रक्रियांविषयीच्या नियमांत अशी तरतूद होती की त्या कामाला अयोग्य ठरलेल्या माणसाला दुसरे काम द्यावे. नियमाचा शब्द बाजूला ठेवला तरी दहा वर्षांचा हातखंडा कामगार गमावणे कोणत्याच मालकाला परवडत नाही, हे आपण त्यांना सांगू शकता. ईएसआयच्या वैद्यकीय रजेचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास जुन्या ईएसआय कायद्यात मनाई होती, तेही लक्षात असू द्या. ठेकेदाराच्या माणसांची स्थिती सर्वांत कच्ची असते, म्हणून ठेकेदार आपली ईएसआयची वर्गणी खरोखर भरतो का, हे आपल्या विमा क्रमांकावरून आजच तपासा.

प्रश्न : घरालगतच्या शेडमध्ये आमचे आठ माग आहेत. दोन कामगार आहेत, रात्रीची पाळी मुलगा पाहतो. मला हल्ली लोकांचे बोलणे नीट कळत नाही, नातू बोलला की पुन्हा विचारावे लागते. वय ५१. कामगार कानात काही घालायला तयार नाहीत. आमच्यासारख्यांना कोणती सोय आहे? – एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि त्यातही लहान मुलांचे व बायकांचे बोलणे आधी निसटते, ही गोंगाटाने जाणाऱ्या कानाची ठरलेली खूण आहे. उंच पट्टीचे आवाज ऐकणाऱ्या पेशी सर्वांत आधी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. धोट्याच्या मागांच्या शेडमधला आवाज ८ तासांसाठीच्या ९० डेसिबलच्या मर्यादेपेक्षा सहसा वरच असतो आणि आपल्याकडे पाळी तर १२ तासांची. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर यंत्राने मोजल्याशिवायही आवाज घातक आहे असे समजावे.

आपण इंदिरा गांधी सामान्य रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओमेट्री करून घ्या. मुलाची आणि दोन्ही कामगारांचीही करा. पाळी संपल्या संपल्या जाऊ नका. रात्रभर गोंगाटापासून लांब राहून सकाळी गेलात तर खरा आकडा मिळतो. मुलाचा आजचा आलेख जपून ठेवा, कारण दोन वर्षांनी त्याच्याशी ताडून पाहता येईल.

कामगार कानात काही घालत नाहीत, याचे कारण त्यांना एकदा विचारून पाहा. मी विचारले तेव्हा एकाने दिलेले उत्तर मला पटले. ताणा तुटला किंवा मागाचा सूर बदलला की तो त्याला कानाने कळतो, आणि मजुरी पिकावर, म्हणजे आडवा धागा किती वेळा टाकला त्यावर, असल्यामुळे माग थांबला की पैसे थांबतात. त्याला हे दाखवून द्यावे लागले की फोमचा बोळा नीट दाबून घातला तरी मागाचा बदललेला सूर कळतो, फक्त गोंगाट खाली येतो. आठ दिवस घालून पाहिल्यावर त्याने स्वतःहून दुसरा जोड मागितला. कापसाचा बोळा मात्र उपयोगाचा नाही, त्यातून आवाज सरळ आत जातो. शेडमध्ये मागांच्या पायाखाली रबराचे तुकडे बसवणे, ढिले भाग वेळेवर आवळणे, पत्र्याच्या भिंतीला आतून अस्तर देणे, या गोष्टी आपण स्वतः करू शकता. घरात आणि शेडमध्ये एकच पत्र्याची भिंत असेल तर तिकडे सर्वांत आधी लक्ष द्या, कारण तिच्या पलीकडे आपला नातू झोपतो.

सोयीबद्दल विचारलेत, तर खरी उणीव इथेच आहे. आठ मागांचा मालक स्वतःच मागावर उभा असतो, त्याला मालक म्हणून ओझे सोसत नाही आणि कामगार म्हणून लाभ मिळत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत १० पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना ईएसआयमध्ये स्वेच्छेने येण्याची मुभा आहे, तिची चौकशी आपल्या दोन कामगारांसाठी जरूर करा. पण त्याहून मोठे काम मागधारकांच्या संघटनेला करता येईल. माथाडी कामगारांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. हमाल एका मालकाचा नसतो, दिवसातून दहा गाड्या भरतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने प्रत्येक मालकाकडून मजुरीबरोबर लेव्ही घेऊन ती मंडळाकडे जमा करण्याची पद्धत घातली आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी व दवाखाना उभा राहिला. कोपरखैरणेचे माथाडी रुग्णालय अशा पैशातून चालत आले आहे. कामगार कोणत्या खात्यात, कोणत्या मागावर आहे हे न पाहता पिकामागे अगदी थोडी रक्कम एका जागी जमली, तर इचलकरंजीत कानांची आणि छातीची तपासणी करणारे केंद्र बारा महिने चालू शकेल.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे क्रशरवरचे आणि वीटभट्टीवरचे रुग्ण येतात. व्यावसायिक आजाराची शंका आली तर मी नेमके काय करावे? कळवण्याची सक्ती आहे का? – एक डॉक्टर

आपला प्रश्न पाहून बरे वाटले. लहान आस्थापनांतला कामगार आजारी पडला की ईएसआयकडे किंवा सरकारी रुग्णालयात नंतर जातो, आधी आपल्याकडे येतो. म्हणून खरे तर त्याची व्यावसायिक आरोग्यसेवा आपणच आहात.

होय, सक्ती आहे. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार दिलेले होते. कारखान्यात काम करणाऱ्या रुग्णाला त्यातला आजार असल्याचे दिसले, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकांना लेखी कळवावे, असे कलम ८९ मध्ये सांगितले होते. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. महाराष्ट्रात हे पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नावे पाठवायचे. त्यात रुग्णाचे नाव व पत्ता, आजार आणि कामाचे ठिकाण एवढे असले की पुरे. बऱ्याच डॉक्टरांना ही जबाबदारी माहीतच नसते आणि माहीत असलेल्यांना मालकाशी वैर नको असते. परंतु आपण कळवत नाही म्हणून सरकारी कागदावर आजार दिसत नाही, आजार दिसत नाही म्हणून निरीक्षक आणि डॉक्टरांची पदे भरण्याची कोणाला निकड वाटत नाही.

रोजच्या व्यवहारात केसपेपरवर तीन ओळी वाढवा : आत्ता काय काम करता, आधी काय करत होता, आणि सुट्टीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर त्रास कमी होतो का. तिसऱ्या ओळीने दम्याचे आणि त्वचेचे निम्मे गूढ उकलते. सोबत काम करणाऱ्या कोणाला तसाच त्रास आहे का, हेही विचारा. शंका राहिली तर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडे किंवा शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेकडे लेखी विचारणा करता येते.

प्रश्न : मी गवंडी आहे. सिमेंटमुळे हात फुटतात, भेगांतून रक्त येते. मलम लावले की बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा तेच. नाक्यावर उभा राहून काम धरतो, कायमचा मालक नाही. मला कोणती सेवा मिळते का? – एक वाचक, सांगली

ओले सिमेंट कातडी जाळते आणि त्यातल्या क्रोमियममुळे काहींना कायमची ॲलर्जी होते. आपले 'पुन्हा तेच' वाचून ॲलर्जीची शक्यता वाटते, म्हणून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात दाखवा आणि ॲलर्जी ओळखणाऱ्या पॅच टेस्टविषयी विचारा. काम करताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे वापरा. कापडी मोजे घालू नका, ते माल पिऊन ओले होतात आणि सिमेंट कातडीला धरून ठेवतात. हात रॉकेलने धुण्याची सवय असेल तर सोडा; साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो, त्यानंतर खोबरेल लावा. बुटात माल गेला तर संध्याकाळची वाट न पाहता लगेच पाय धुवा.

मालक नसला तरी आपण महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवू शकता. बांधकामाच्या खर्चावर घेतलेल्या एक टक्का उपकरातून हे मंडळ चालते. वय १८ ते ६० असावे आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम केलेले असावे. ठेकेदार दाखला देत नसेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा महापालिकेकडून तो घेता येतो. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते आणि तिथेच बहुतेकांचे कार्ड बंद पडते, तेव्हा तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना ते कार्ड बरोबर न्या आणि केसपेपरवर 'मजूर' लिहिले गेले तर 'गवंडी, सिमेंटचे काम' असे बदलून घ्या.